जावयाचं गुप्तदान

बन्सीधररावांची जीप दारात थांबली. जीप सरकारी, पेट्रोल सरकारी, ड्रायव्हरही सरकारी. काम तेवढं घरचं होतं, अधिक महिन्याचे धोंडे खायचं. पण चोरटं सोनं पकडणाऱ्या खात्यात इन्स्पेक्टर झाल्यापासून बन्सीधरराव सासुरवाडीला आले तरी त्याला दौराच म्हणत. खात्याचं खरं नाव लांबलचक होतं आणि इंग्रजी होतं. ताडकळसात लोक नुसतं 'सोनं-खातं' म्हणायचे. हा शब्द मधली रेघ काढून म्हटला तरी अर्थ फारसा बिघडत नाही, असं शेजारच्या तात्यारावांचं मत होतं.

सासरे किशनराव ओट्यावर तांब्या घेऊन उभे होते. मागच्या धोंड्याच्या महिन्यात जावयाचे पाय धुवायला त्यांची बायको धुरपताबाई होत्या. त्या पाणी घालायच्या, किशनराव पुसायचे. यंदा तांब्याही त्यांच्याच हातात होता आणि टॉवेलही त्यांच्याच खांद्यावर. एका माणसाला ही दोन कामं जमत नाहीत, हे थोड्याच वेळात सगळ्यांना दिसलं. पाणी पायावर कमी आणि पँटीवर जास्त पडलं.

"असू द्या मामा," बन्सीधरराव मोठ्या मनानं म्हणाले. "तुमचं बी वय झालं आता."

मागून थोरली लेक गीता उतरली. तिनं घराकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि ओटीवर बसलेल्या आपल्या धाकट्या बहिणीकडे पाहून तोंड वाकडं केलं.

"तू कवा आलीस गं? विमान कुठं उतरलं, बाजारात का?"

"यष्टीनं आले, गीताक्का," रुख्मिणी म्हणाली.

रुख्मिणी हैदराबादला मावशीकडे राहून शिकली होती. फाडफाड इंग्रजी बोलायची. त्या इंग्रजीच्या जोरावर तिला विमानात नोकरी लागली. विमान आखातातल्या कुण्या शेखाच्या कंपनीचं होतं. कंपनीकडे दोन विमानं होती, त्यातलं एक उडत होतं. पोरगी परक्या बाप्यांना चहापाणी वाढते, म्हणून तात्यारावांनी दीड वर्ष गावभर शरम मांडली होती. तात्याराव हे किशनरावांचे चुलतभाऊ, भिंतीला भिंत लावून राहणारे. परवा रुख्मिणीनं त्यांना परदेशी लायटर आणून दिला. तेव्हापासून विमानातली नोकरी ही देशाची सेवा आहे असं ते म्हणायला लागले.

तिच्याबरोबर मार्था नावाची मैत्रीण आली होती. तीही त्याच विमानात काम करायची, मुंबईची, ख्रिस्ती. पोखर्णीहून खास धोंड्यासाठी आलेल्या चतुराबाईंनी, म्हणजे किशनरावांच्या थोरल्या बहिणीनं, तिचं नाव दोनदा विचारून घेतलं.

"मारता? कुनाला मारता?"

"किसी को नहीं, आंटी."

"मग चांगलं हाय. बस मारताबाई, लसूण सोल."

मार्था लसूण सोलत बसली. परवापासून दोघी पोरी घराबाहेर पडल्या नव्हत्या, आणि जीपचा आवाज आला तेव्हा दोघींनी एकमेकींकडे पाहिलं होतं. किशनरावांनी ते बघितलं. पण बघितलेल्या गोष्टीचा अर्थ त्यांना धुरपताबाई सांगायच्या. ती सोय आता नव्हती.

वाण द्यायची वेळ झाली. तांब्याच्या ताटात तीस-तीन अनारसे, वर तुपाचा दिवा. हे दान सासू-सासऱ्यांनी जोडीनं द्यायचं असतं. जोडी नसेल तर शास्त्रानं सोय करून ठेवली आहे. चतुराबाईंनी किशनरावांच्या शेजारच्या पाटावर एक सुपारी मांडली.

"ही वैनी," त्या म्हणाल्या.

तात्याराव म्हणाले, "लय शांत झाली की वैनी."

 किशनरावांनी सुपारी पाटाच्या कडेवरून जरा मधे सरकवली.

वाण झालं आणि बन्सीधरराव पानावर बसले. जेवण यायच्या आधी त्यांनी आपल्या पराक्रमाला सुरुवात केली. मुंबईत कसे छापे पडत आहेत, एका शेटजीच्या पलंगाच्या पायात कसं सोनं निघालं, एका बाईनं केसांच्या अंबाड्यात कसं लपवलं होतं.

"अंबाड्यात?" तात्यारावांना रस आला. "आन् तुमी सोडला अंबाडा?"

"सगळं सोडावं लागतं, तात्या. ड्युटी हाय. आता तर मुंबईहून माल इकडं यायलाय, हैदराबादच्या लायनीनं. म्हणून कालपासून पूर्णेच्या फाट्यावर नाका बसवलाय. यष्टी, बैलगाडी, सायकल, कायबी सुटत न्हाई. सोडायची म्हणाल तर एकच गाडी सोडतेत. आमची जीप."

रुख्मिणी हातातला पाण्याचा जग खाली ठेवून आत गेली. जरा वेळानं माजघराच्या दारातून तिनं हाक मारली.

"अण्णा, जरा आत या."

किशनराव आत गेले. मार्था भिंतीला टेकून उभी होती. रुख्मिणीचे ओठ पांढरे पडले होते.

"अण्णा, मी आत्याजवळ ठिवायला दिलं होतं, ते जागेवर न्हाई."

"काय दिलं हुतंस?"

"बिस्किटं."

"मग तात्यानं खाल्ली असतील. मी दुसरी आनतो दुकानातून."

"सोन्याची, अण्णा."

किशनराव तांदळाच्या पोत्यावर बसले.

"पगार न्हाई, अण्णा. किती महिने झाले, नुसतं उद्या देतो, परवा देतो. सोडून जावं तर पासपोर्ट मॅनेजरनं कुलपात ठिवलेत. शेवटी म्हनला, एक खेप करा, माल पोचता करा, पासपोर्ट घिऊन सुटा. मुंबईत छापे सुरू झाले म्हून त्यानं हिकडं पाठवलं. आज संध्याकाळी पूर्णेच्या टेशनावर त्याचा मानूस येनार हाय."

"उसको देने का, पासपोर्ट लेने का, बस," मार्था म्हणाली. "नहीं दिया, तो वो लोग हमको छोड़ेगा नहीं, अंकल. और देने को गया और पकड़ा गया, तो आपका जमाई छोड़ेगा नहीं."

"तुला पानी वाढायला पाठवलं हुतं आमी," किशनराव लेकीला म्हणाले. त्यांना ओरडायचं होतं, पण बाहेर जावई बसला होता. त्यामुळे ते वाक्य, कुणाची तब्येत विचारावी, इतक्या हळू निघालं.

चतुराबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी पदरानं कपाळ पुसलं.

"काय खुसुरफुसुर लावलीय? पान वाढलंय तिकडं."

"आत्या, मी तुजाजवळ खणात बांधून दिलं हुतं ते?"

"ते व्हय? केलं की."

"काय केलंस?"

"तू म्हनलीस तसंच. गुप्त ठिव म्हनलीस. दाजीच्या नजरंला पडू दिऊ नको म्हनलीस. धोंड्याच्या महिन्यात जावयाला न दाखवता सोनं द्यायचं, ह्याला काय म्हनतेत ते मला कळत न्हाई व्हय?" चतुराबाईंचा आवाज भरून आला. "गुप्तदान. म्या म्हनलं, माय न्हाई म्हून धाकटी पोरगी मायच्या जागी उभी ऱ्हायली. पुरण भरता भरता डोळ्याला पानी आलं माज्या."

 मार्थाला मराठी फारशी येत नव्हती, पण 'पुरण' तिला परवापासून समजायला लागलं होतं.

"कुठल्या धोंड्यात, आक्का?" किशनरावांनी विचारलं.

"थोरल्या दोन्हीत. एकेक."

"ते कुठं हायत?"

"गीता घिऊन गेली की. वाढलं असंल आता."

किशनराव उठले. गुडघ्यानं कुरकुर केली, ती त्यांनी ऐकून घेतली नाही.

बन्सीधररावांच्या ताटात दोन थोरले धोंडे बसले होते. कणकेत पुरण भरून उकडलेले, लिंबाएवढे नव्हे तर चांगले वाटीएवढे, आणि गीता वरून तुपाची धार धरून बसली होती. किशनराव ताटाजवळ वाकले.

"जावईबापू, हे दोन कच्चे ऱ्हायले वाटतं. दुसरे आनतो."

त्यांनी हात पुढे केला. बन्सीधररावांनी ताटावर आडवा हात धरला. जावई आणि इन्स्पेक्टर हे दोन्ही हुद्दे त्या हातात होते.

"मामा, वाढलेलं ताटातून उचलायलाव?"

"किशन!" तात्याराव ओरडले. "जावयाच्या पानातलं काढायलास? येडा झालास का?"

"अण्णा, असं करतेत का?" गीता म्हणाली. "तात्यांना लायटर, आत्याला अत्तर. आमच्या वाट्याला दोन धोंडे आले, ते बी परत?"

"तसं न्हाई गीता, मी—"

तोवर बन्सीधररावांनी एक धोंडा उचलला होता. हातात तोलला.

"लय जड झालंय हे."

दारातून चतुराबाई म्हणाल्या, "धोंडाच हाय तो. जड नसंल तर काय हलका आसतोय?" अजूनही त्यांना वाटत होतं की दान नीट पोचायला हवं.

बन्सीधररावांनी घास घेतला. कट्ट असा आवाज झाला. तात्यारावांनी आपल्याच गालाला हात लावला.

जावयानं तोंड उघडं ठेवून धोंड्यात पाहिलं. पुरणातून पिवळा कोपरा वर आला होता. त्यावर परदेशी छाप होता. असे छाप वाचण्याचाच ते पगार घेत होते, त्यामुळे वाचायला वेळ लागला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर आधी खातं आलं. मग खातं गेलं आणि घर आलं. त्यांनी बोटानं पुरण पुन्हा त्या कोपऱ्यावर सरकवलं.

"दाढ दुखायलीय," ते म्हणाले आणि खिशातून रुमाल काढला.

रुमाल तोंडाला गेला, तिथून ताटाजवळ आला. दुसरा धोंडा त्यांनी चावला नाही, बोटांनीच फोडला. अनुभवी माणूस. रुमाल जाड होऊन खिशात गेला. मग त्यांनी पुरणाचा एक घास खाल्ला आणि मान डोलावली.

"पुरण झकास झालंय, आत्याबाई."

इतकी झटपट जप्ती त्या खात्यात आजवर कुणी केली नसेल.

दारात रुख्मिणी उभी होती. ती बापाकडे बघत होती. रडत नव्हती, काही मागत नव्हती. नुसती बघत होती, आणि तेच किशनरावांना सोसेना. मार्था तिच्या मागे, हातात लसणाचं सुपडं तसंच.

जावयाला दिलेलं परत मागायचं नसतं. गुप्तदान तर मुळीच नाही, कारण ते दिलंच नाही असं धरून चालायचं असतं. मागितलं तर गीताला जन्मभर ऐकावं लागेल. न मागावं तर रुख्मिणी गेली. किशनरावांनी शेजारच्या पाटाकडे बघितलं. धुरपताबाई असत्या तर त्यांनी नुसती भुवई हलवली असती आणि काय करायचं ते किशनरावांना कळलं असतं. सुपारीला भुवई नव्हती.

"जावईबापू," किशनराव म्हणाले, "खिशातलं परत द्या."

चतुराबाईंनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! गुप्त हाय ते, किशन!"

"कसलं, मामा?" बन्सीधरराव म्हणाले.

"धोंड्यातलं."

"धोंड्यात पुरण होतं. ते खाल्लं."

"आक्काची चूक झाली. ते तुमच्यासाठी नव्हतं. ते ह्या पोरींचं बी न्हाई. दुसऱ्याचं हाय, आन् आज संध्याकाळी त्याला दिलं न्हाई तर ह्या दोघी जन्मभर त्याच्या ताब्यात ऱ्हातील."

आता मात्र बन्सीधरराव ताठ बसले. आवाज बदलला. मराठीसुद्धा बदलली.

"म्हणजे हा चोरटा माल आहे. आणि तो तुमच्या घरात सापडला. मग तर मामा, परत देण्याचा प्रश्नच येत नाही. कायद्यानं जप्त करावा लागेल. गुन्हा दाखल होईल."

"करा की," किशनराव म्हणाले. त्यांना स्वतःलाच आपला आवाज ओळखू आला नाही. "पंचनामा लिवा. तात्या पंच हाय. पन नीट लिवा. माल कुठं सापडला? इन्स्पेक्टरच्या खिशात. कशात? रुमालात, पुरणासगट. किती येळ हुता? दुसरा धोंडा फोडून, घास खाऊन, पुरणाची तारीफ हुईस्तोवर."

तात्यारावांनी हळूच लायटर धोतराच्या सोग्यात खोचला आणि ठरवलं की आपण किशनच्या बाजूनं आहोत.

"मी सही करतो," ते म्हणाले. "चष्मा घिऊन येऊ का घरून?"

"कसला पंचनामा?" बन्सीधरराव घाईनं म्हणाले. "कसलं सोनं? इथं सोनं न्हाईच."

"न्हाई ना?"

"न्हाई."

"मग जे न्हाई ते ठिवल्यानं तुमचं काय जातंय? ठिवा हितं."

बन्सीधररावांनी दोन्ही हात वर करून दाखवले. उजवा खिसा बाहेर काढून झटकला. त्यातून एक सुटं नाणं पडलं आणि गडगडत पाटाखाली गेलं.

"बघा. आता बोला."

"डाव्या खिशात हाय, अण्णा," गीता म्हणाली.

ती अजून तुपाची वाटी घेऊन बसली होती. नवऱ्यानं तिच्याकडे असं पाहिलं की वाटी तिनं खाली ठेवली.

"तू कुणाची बायको हायस?"

"तुमचीच. म्हून तर खिसे म्हायती हायत." गीताचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "मांडीला मांडी लावून वाढायलेय मी. मला बी दिसू दिलं न्हाई तुमी. बायकोपासून बी गुप्त. मग ऱ्हाऊ द्या तसंच. तिचं तिला देऊन टाका."

ती धाकट्या बहिणीच्या मायेनं बोलली की नवऱ्याच्या रागानं, हे किशनरावांना तेव्हा कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

रुमाल ताटात पडला. बन्सीधरराव अर्ध्या पानावरून उठले. जावई अर्ध्या पानावरून उठणं म्हणजे काय, हे गावात पिढ्यान् पिढ्या सांगतात. आता ताडकळसात ह्याच घराचं नाव निघायचं होतं. त्यांनी हात धुतले, ओट्यावर गेले आणि ड्रायव्हरला हाक मारली. ड्रायव्हर बाजूला झाडाखाली अनारसे खात होता. त्याला कुणी उठवलं नव्हतं, म्हणून तो एकटाच पोटभर जेवला.

किशनराव मागोमाग गेले.

"जावईबापू, आजून एक."

"आजून काय ऱ्हायलंय? पँट काढून देऊ?"

"दुपारची यष्टी गेली. पोरींना पूर्णेच्या टेशनाला सोडा."

बन्सीधररावांना आधी ऐकूच आलं नाही. मग आलं.

"माझ्या जीपमधून? नाक्यावरून? हे घेऊन?"

"कशाला घेऊन? तुमीच म्हनलाव की सोनं न्हाई."

"मामा, माझी नोकरी जाईल!"

तात्याराव चष्मा घेऊन परत आले होते. खरंच आणला होता. तो नाकावर चढवत ते म्हणाले, "जावईबापू, जीप काढायची का पंचनामा काढायचा, तेवढं ठरवा. मला दोन्ही चालतंय."

पंधरा मिनिटांत जीप तयार झाली. मार्था मागे बसली. चतुराबाईंनी तिची ओटी भरायचा हट्ट धरला. कुंकू, खण, नारळ, तांदूळ. "पहिल्यांदा आली घरी, मोकळी कशी जायची?" मार्थानं खणाची गाठ आणि रुमालाची गाठ एकाच ओटीत बांधली. त्यावर नारळ ठेवला. नाक्यावरचा कुठलाही शिपाई बाईच्या भरल्या ओटीत हात घालणार नाही, हे एवढ्या गडबडीतही तिला सुचलं.

रुख्मिणी बापाच्या पाया पडली.

"पासपोर्ट घेतला की येते, अण्णा. विमान बास झालं."

"यष्टीनं ये," किशनराव म्हणाले. त्यांना बरंच बोलायचं होतं. तेवढंच निघालं.

गीता शेवटी आली. तिनं वाणाचं ताट घेतलं नव्हतं. बापासमोर उभी राहिली.

"अण्णा, पुढच्या धोंड्याला आमाला बोलवू नका."

"तीन वर्सं हायत आजून. तवर राग जाईल."

"माजा जाईल. त्यांचा जानार न्हाई. आन् मला त्यांच्याच घरी ऱ्हायचंय." ती पदर सावरत जीपकडे वळली, मग थांबली. "आईनं असं भर पानावर मागितलं नसतं."

"न्हाई, मागितलं नसतं," किशनराव म्हणाले. "पुरणात घालायच्या आधीच तिनं इचारलं असतं, हे कुनाचं म्हून."

गीता बापाकडे बघत राहिली. मग जाऊन ती नवऱ्याशेजारी बसली. त्यानं तिच्याकडे पाठ केली. जीपमध्ये जागा इतकी कमी होती की पाठ करायलाही त्याला फार कष्ट पडले.

घर गावाच्या कडेला होतं. ओट्यावरून फाटा दिसायचा. किशनराव, चतुराबाई आणि तात्याराव तिघं उभे राहिले. जीप धूळ उडवत गेली, फाट्यावर हळू झाली. आडवा बांबू दिसत होता. एक शिपाई पुढे आला. किशनरावांनी ओट्याचा खांब धरला. शिपाई वाकून आत बघतोय असं वाटलं. ते बघणं संपेना. मग त्यानं टाचा जुळवल्या, कडक सलाम ठोकला, आणि बांबू वर गेला.

जीप पूर्णेच्या रस्त्याला लागली. धूळ बसेपर्यंत कुणी हललं नाही. तात्यारावांनी बिडी काढली, लायटरकडे बघितलं आणि काडेपेटी मागितली.

चतुराबाईंचे डोळे अजून ओले होते. एक गोष्ट त्यांना काही केल्या सुटत नव्हती.

"किशन, दान तर दिलं. परत बी घेतलं. मग ह्याचं पुन्य कुनाला लागायचं रे?"

किशनरावांनी खांब सोडला.

"गुप्त हाय, आक्का," ते म्हणाले. "कुनाला कळायचं न्हाई."